सोडियमची चमक काचेत टिकवायची खटपट : वहीतल्या नोंदी

३ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं. क्रियाशील, म्हणजे हवा-पाण्याशी लगेच प्रक्रिया करणाऱ्या धातूंचा छोटा संग्रह करायचा, पाच नमुने, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लिथियम, सोडियम आणि जमलंच तर पोटॅशियम. अट एकच, प्रत्येक नमुना धातूसारखा दिसला पाहिजे. सोडियम म्हणून आपल्याला शाळेत जे दाखवतात तो तेलात बुडालेला पिवळट मळकट गोळा असतो, आणि खरं सांगायचं तर त्यात आपल्याला सोडियम दिसतच नाही, दिसते ती त्याच्यावर चढलेली साल. ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, वर थोडा कार्बोनेट. धातू आत लपलेला. मला तो बाहेरून बघायचाय, आरशासारखा, आणि नुसता कापल्यावर दोन सेकंद नाही, वर्षभर.

५ नोव्हेंबर

पहिला प्रश्न, धातू बनवायचा की विकत आणायचा. दोन दिवस यावरच वाचत बसलो.

इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये किंचित ओलसर पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) वीज सोडून पोटॅशियम काढलं आणि लगेच काही दिवसांत कॉस्टिक सोड्यातून, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडमधून, सोडियम. मण्याएवढे गोळे, काही निघाल्या निघाल्या पेटले. पुढच्याच वर्षी गे-ल्युसॅक आणि थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी विजेशिवाय, लालबुंद लोखंडाच्या किसावर वितळलेला पोटॅश सोडून जास्त प्रमाणात धातू मिळवला, आणि त्याच पोटॅशियमच्या कामात स्फोट होऊन गे-ल्युसॅकचे डोळे जाता जाता वाचले. म्हणजे पहिल्या वर्षातच दोन्ही गोष्टी समोर आल्या, धातू निघतो हेही आणि तो निघताना काय करू शकतो हेही.

घरी करणाऱ्यांना सगळ्यात जवळची वाटते ती कास्टनरची पद्धत, वितळलेल्या कॉस्टिकमधून वीज सोडायची. कॉस्टिक ३१८ अंशाला वितळतं, भट्टी फार मोठी लागत नाही, म्हणून मोह होतो. पण आत काय होतं बघा. एका बाजूला सोडियम सुटतं, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन आणि पाणी तयार होतं, आणि ते पाणी त्याच वितळलेल्या रसात फिरत फिरत सोडियमकडे येतं. म्हणजे भांडं स्वतःच स्वतःच्या मालावर पाणी टाकतंय. निम्मं सोडियम तिथंच परत जातं, हायड्रोजन सुटतो, आणि तो फुटला की ३०० अंशाच्या वरचं कॉस्टिक उडतं. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा राहत नाही, तेही थंड कॉस्टिक, गरमचं सोडाच. नंतर १९२४ मध्ये डाउन्सने साध्या मिठातून सोडियम काढायचा सेल आणला, मीठ ८०१ अंशाला वितळतं म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालून ते ६०० च्या आसपास आणलं, त्यात पाण्याचा प्रश्न नाही पण क्लोरीन सुटतो. घरात क्लोरीन, नको.

मॅग्नेशियम वापरून हायड्रॉक्साइडमधून धातू सुटा करायची वाटही हौशी लोकांना माहीत आहे आणि ज्यांनी ती नीट बसवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी ती करणार नाहीये. माझा प्रश्न धातू मिळवण्याचा नाहीच, तो टिकवण्याचा आहे. विक्रेत्याकडून रीतसर सही करून १० ग्रॅम सोडियम आणि २ ग्रॅम लिथियमची पट्टी मागवली.

९ नोव्हेंबर

मॅग्नेशियम झालं. पाणी तापवायच्या टाकीत गंज स्वतःवर घ्यायला जी कांडी असते ती जुनी मिळाली, अर्धी खाऊन गेलेली, मधली लोखंडी सळई दिसत होती. करवतीने तुकडा कापला, पांढरा खडबडीत थर कानशीने काढला आणि खाली एकदम स्वच्छ चंदेरी. हातात घेतला की हलकेपणाचं नवल वाटतं. वजन २२.६ ग्रॅम, मोजपात्रात १२.८ मिली पाणी सरकलं, म्हणजे घनता १.७७. शुद्ध मॅग्नेशियमची १.७४ असते, हा फरक मोजणीतलाही असेल पण कांडीत थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त मिसळलेलं असतंच, त्यामुळे आकडा पटला. कीस वेगळा झटकून गोळा केला, तो ठेवायचा नाही, बारीक मॅग्नेशियम पेटलं की पाण्याने विझत नाही उलट भडकतं.

मॅग्नेशियमला जास्त काही करावं लागत नाही, त्याची साल पातळ आणि घट्ट असते, तीच त्याला सांभाळते. झाकणाची बाटली, आत सिलिका जेलची पुडी, संपलं.

१२ नोव्हेंबर

कॅल्शियम. जुन्या डब्यातले करडे तुकडे. एकाला तेलाखाली कानशीने घासलं, किंचित पिवळसर झाक असलेला चंदेरी रंग आला, सुंदर दिसतो, तेलातून काढून हवेत ठेवला तर संध्याकाळपर्यंत परत करडा. हवा आज बऱ्यापैकी कोरडी होती तरी. याला बंद काचच लागणार.

१६ नोव्हेंबर

लिथियम आलं. बऱ्याच जणांनी सुचवलेलं की विकत कशाला घेतोस, लिथियमची बॅटरी फोड आणि आतली पट्टी काढ. नाही फोडली आणि फोडणारही नाही. आत पट्टी नुसती नसते, दुसऱ्या पट्टीबरोबर गुंडाळलेली असते, मधे पातळ पडदा आणि पेट घेणारं द्रव, कापताना दोन्ही एकमेकांना टेकल्या की शॉर्ट होऊन सगळं हातातच तापतं. त्या तापलेल्या गुंडाळीत लिथियम आहे. एवढं कारण मला पुरे आहे.

आलेली पट्टी तेलाच्या बाटलीत होती, आणि बघतो तर पट्टी तेलावर तरंगतेय! वाचलेलं होतं, लिथियमची घनता ०.५३, तेलाची ०.८ च्या वर, पण डोळ्यांनी बघितल्यावरच कळतं की यात अडचण काय आहे. तेल धातूला झाकायला असतं आणि हा धातू तेलाच्या वर डोकं काढून बसलाय. वरची कड काळी पडलेली.

एक टोक कापून बघितलं. सोडियमसारखं मेण कापल्यागत जात नाही, जोर लावावा लागतो. कापलेली बाजू आधी पांढरी शुभ्र, मिनिटभरात पिवळट, मग करडी, आणि पाच-सात मिनिटांत काळपट. हा काळेपणा ऑक्साइडचा नाही, ऑक्साइड पांढरा असतो. लिथियम ओलसर हवेत नेहमीच्या तापमानालाच नायट्रोजनशी जोडलं जातं, बाकीचे अल्कली धातू (सोडियम, पोटॅशियम वगैरे) हे करत नाहीत. म्हणून लिथियमच्या बाटलीत नायट्रोजन भरून उपयोग नाही, आर्गॉनच पाहिजे. हे मला या पूर्ण कामातलं सगळ्यात आवडलेलं ज्ञान आहे, कारण नायट्रोजन म्हणजे काही न करणारा वायू हे इतकं डोक्यात बसलेलं असतं.

तात्पुरतं पट्टीला व्हॅसलीनचा जाड थर लावून छोट्या बाटलीत गच्च बसवलं. दिसत काही नाही पण सुरक्षित आहे.

१७ नोव्हेंबर

आगीची तयारी. पाण्याचा फवारा नाही, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नाही, दोन्हीने आग वाढते. सोडियमसाठी भट्टीत तापवून पूर्ण कोरडं केलेलं मीठ, दोन किलो, झाकणाच्या डब्यात. लिथियमसाठी ग्रॅफाइटची पूड, कारण पेटलेलं लिथियम वाळूशीसुद्धा प्रक्रिया करतं. चेहऱ्यावर पूर्ण ढाल, खाली चष्मा वेगळा, सुती कपडे. टेबलावरून पाण्याची बाटली, ओलं फडकं, सगळं दुसऱ्या खोलीत. एकट्याने काम करायचं नाही, धाकटा भाऊ दाराशी उभा राहणार.

२३ नोव्हेंबर

सोडियमचा पहिला दिवस.

गोळा तेलातून काढला, गाळणकागदाने टिपला आणि सुरीने साल तासायला सुरुवात केली. सालीचा थर दोन-तीन मिलिमीटर, खडूसारखा, आणि मग एकदम सुरी मऊ भागात शिरते आणि मागे जी बाजू उघडी पडते तिच्यासारखं काही मी बघितलेलं नाही. पांढरी चमक, त्यात किंचित गुलाबीपणा. श्वास घेईपर्यंत तिच्यावर वाफ बसल्यासारखी होते, मग निळसर करडी, मग मेलीच. मी चार वेळा कापून बघितलं. चार वेळा तेच.

१० ग्रॅममधून ७ ग्रॅम चांगला धातू राहिला. कचरा एका कोरड्या बीकरमधल्या तेलात टाकला.

मग विचार असा की तेलाखाली वितळवून एकच स्वच्छ गोळा करावा, ९७.८ अंशालाच वितळतं. तेल तापवलं, तुकडे सोडले, ८० च्या आसपास तुकड्यांवर बारीक बुडबुडे धरायला लागले आणि मग वाढतच गेले. हायड्रोजन. तेलात पाणी होतं! बाटली नवीन होती, झाकण सीलबंद होतं, म्हणून मी तेल तसंच घेतलं आणि ती चूक माझी. लगेच खालची आच बंद केली, झाकण ठेवलं, लांब उभे राहिलो. वीस मिनिटांनी शांत झालं. काही पेटलं नाही. पण तुकड्यांवर परत पांढरी साल चढलेली आणि तळाला पिठासारखा गाळ.

आता वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलंय, तेल आधी वेगळं १२० अंशाला अर्धा तास तापवायचं, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत, थंड करायचं, मगच सोडियम.

२४ नोव्हेंबर

कालचा कचरा संपवला. तेल बाजूला काढून तुकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक सोडले, संथ बुडबुडे, घाई नाही, सगळं विरघळायला दुपार गेली. मग थोडं इथेनॉल, ते पूर्ण शांत झाल्यावर आणि एकही कण उरला नाही हे भिंगाखालून बघूनच शेवटी पाणी. उघड्या हवेत, जवळ कसलीही ज्योत नाही. या कामाचा कंटाळा येतो खरा, पण कचऱ्यातलं सोडियम हे चांगल्या सोडियमइतकंच सोडियम असतं.

३० नोव्हेंबर

कोरड्या तेलात दुसरा प्रयत्न. एकही बुडबुडा नाही. १०५ अंशाला तुकडे गोल झाले पण एकमेकांत मिसळेनात, दोन गोळे शेजारी टेकून नुसते बसलेले, मधे सालीचा पापुद्रा. काचेच्या सळीने हळूच तो पापुद्रा फाडला आणि दोन्ही एकदम एक झाले, पाऱ्यासारखे. सगळे मिळून एक गोळा, चेहरा दिसेल असा.

काचेची नळी रबरी फुग्याला लावून गोळ्यातून सोडियम नळीत ओढून घेतलं, बाहेर काढून थंड केलं, चकचकीत कांडी नळीत तयार. मग नळीची दोन्ही टोकं बर्नरवर वितळवून बंद केली. जमलं असं वाटलं. वजन १८.४२ ग्रॅम.

१४ डिसेंबर

नाही जमलं. एका टोकाजवळ काचेला केसाएवढी बारीक रेघ गेलीय, आणि रेघेच्या खाली सोडियमवर तशीच बारीक पांढरी रेघ उगवलीय, जशीच्या तशी नक्कल. जिथून हवा आत येते तिथंच सोडियम लिहून ठेवतंय. वजन १८.४५. म्हणजे दोन आठवड्यांत ०.०३ ग्रॅम हवा आणि ओल आत शिरली.

यातून एक गोष्ट हाती लागली. वजन करत राहिलं की गळती डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळते, कारण आत आलेला ऑक्सिजन आणि ओल सोडियम जवळजवळ सगळी धरून ठेवतं.

कारण शोधलं, टोक बंद करताना आत तेलाचा पातळ थर होता, तो जळून कोळसा झाला आणि काचेच्या दोन भिंतींमधे अडकला, त्यामुळे काच एकजीव झालीच नाही. शिवाय टोकाजवळची काच तपकिरी झालीय, ती सोडियमची करणी, गरम काचेतल्या सिलिकाला सोडियम खातं.

२१ डिसेंबर

काचकाम करणाऱ्या काकांकडे गेलो, ओळखीतले आहेत, आयुष्यभर प्रयोगशाळांची काच फुंकत आले. त्यांनी तडकलेली नळी दिव्यासमोर धरून बघितली आणि म्हणाले, "अरे, तू माल भरून मग मान बंद करतोयस. मानेला माल लागताच कामा नये." मग कागदावर चित्र काढून दिलं.

वर एक नळी, तिच्या खाली निमुळतं टोक, दीड मिलिमीटर भोकाचं. हे टोक खालच्या रुंद मानेच्या नळीत आत लोंबतं, भिंतीला न टेकता. त्या नळीच्या खाली फुगा, म्हणजे आपली कुपी, आणि टोकाच्या बाजूला वरती एक आडवी नळी, व्हॅक्यूमसाठी. वरच्या नळीत सोडियम ठेवायचं, वरून आर्गॉन द्यायचा, बाजूच्या नळीतून हळू हवा ओढायची, धातू वितळला की थेंब टोकातून थेट फुग्यात पडतील, मान कोरडीच राहील. आणि साल एवढ्या बारीक भोकातून जात नाही, ती वरच अडकते. गाळणी आणि भरणी एकाच वेळी.

मी म्हटलं काका मला दोन द्या. म्हणाले तीन करतो, एक तू फोडणारच. बोरोसिलिकेट काच, म्हणजे उष्णता सोसणारी.

४ जानेवारी

तिन्ही कुप्या आल्या. एक धुतानाच फुटली. काकांचं गणित बरोबर.

उरलेल्या दोन भट्टीत रात्रभर वाळवल्या, काचेच्या भिंतीलासुद्धा पाण्याचा थर चिकटलेला असतो.

११ जानेवारी

हवा कोरडी, सकाळी नऊला सुरुवात. भाऊ दाराशी.

सोडियम साधारण ४ ग्रॅम, सगळ्या बाजूंनी तासलेलं, कोरड्या हेक्झेनमध्ये दोनदा धुऊन तेल काढलं आणि हेक्झेनची बाटली लगेच खोलीबाहेर, त्याच्या वाफेजवळ गरम काही नको. तुकडे वरच्या नळीत टाकताना खालून आर्गॉन सोडून ठेवलेला, तो हवेपेक्षा जड म्हणून नळीत बसून राहतो. हाताने चालणाऱ्या पंपाने आतली हवा ओढून तीनदा आर्गॉनने भरली. हेक्झेनचा वास पूर्ण गेल्यावरच हॉट एअर गन घेतली.

तुकडे ढासळले, गोल झाले, करड्या सालीच्या पिशवीत भरल्यासारखे. भोकावर येऊन थांबले. सोडियमचा पृष्ठताण पाण्याच्या अडीच पट, एवढ्या बारीक भोकातून ते आपसूक उतरत नाही हे मला अपेक्षित होतं तरी मिनिटभर धाकधूक झाली. बाजूच्या नळीतून पंपाचा अर्धा दट्ट्या ओढला.

आणि पहिला थेंब आला. टोकाला फुगत गेला, मोत्याएवढा, पूर्ण गोल, आणि त्या गोळ्यात अख्खी खोली दिसत होती, खिडकी, माझी ढाल, दारातला भाऊ, सगळं वाकलेलं. तुटून फुग्यात पडला, थरथरला आणि तसाच चमकत राहिला. मी मनात सेकंद मोजत होतो, दोन, पाच, दहा, तो मरेना. मग दुसरा. एकूण पस्तीसच्या आसपास थेंब मोजले, नंतर ते एकमेकांत विलीन झाले, मधे पापुद्रा नव्हताच त्यामुळे सळीने फाडायची गरजच पडली नाही.

वरच्या नळीत काय उरलं? करडी सुरकुतलेली रिकामी पिशवी, सापाने कात टाकावी तशी, तुकड्याचा आकार तसाच राहिलेला आणि आतून पोकळ. ती मी बराच वेळ बघत बसलो. ज्याला इतकी वर्षं सोडियम म्हणून बघितलं ते हे.

थंड झाल्यावर मान बर्नरवर घेतली, पंपाने आतला दाब थोडा कमी ठेवला म्हणजे काच बाहेर फुगत नाही, आत ओढली जाते. मान बंद झाली, स्वच्छ, ना कोळसा ना तपकिरी. नंतर पिवळ्या ज्योतीवर हळूहळू थंड केली नाहीतर काचेत ताण राहतो आणि आठवड्याने तडकते.

कुपीचं वजन २६.१७ ग्रॅम, आधी रिकामी बंद करून ठेवलेल्या काचेच्या हिशोबाने आत साधारण ३.१ ग्रॅम धातू.

१२ जानेवारी

सकाळी उठल्यावर पहिलं काम तेच. चमक आहे.

१८ जानेवारी

दुसरी कुपी लिथियमसाठी वापरायचा विचार रद्द केला. लिथियम १८०.५ अंशाला वितळतं आणि वितळलेलं असताना काचेला खातं, हा मार्ग त्याच्यासाठी नाही. पट्टी आर्गॉनमध्ये कापून, घासून, न वितळवता नुसती साध्या कुपीत सरकवली आणि मान बंद केली. चंदेरी आहे, एका कडेला करडा डाग राहिला, हात आर्गॉनच्या पिशवीतून नीट चालत नव्हता. कॅल्शियमलाही तसंच केलं, ते सोपं गेलं.

२५ जानेवारी

पोटॅशियमचा निर्णय. ओळखीत एकाकडे जुनी बाटली आहे, फुकट देतो म्हणाला. फोटो मागितला. तेल अर्धं आटलेलं आणि तुकड्यांवर पिवळी-केशरी साल. नको म्हणून सांगितलं, आणि त्यालाही सांगितलं की ती बाटली हलवू नकोस, उघडू नकोस, तासायचा तर विचारच नको, घातक रसायनांचा निचरा करणाऱ्या माणसांना बोलव. सोडियमची साल आणि पोटॅशियमची साल दिसायला सारखी वाटली तरी गोष्ट वेगळी आहे, पोटॅशियमवर सुपरऑक्साइड, म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन धरलेला ऑक्साइड, धरतो, आणि सुरीच्या दाबाने तो खालच्या ताज्या धातूत किंवा तेलात घुसला की स्फोट होतो. मी नोव्हेंबरमध्ये सोडियम ज्या निर्धास्तपणे तासलं त्याच सवयीने कुणी ती बाटली उघडली असती तर, हा विचार रात्री बराच वेळ डोक्यात होता. दोन दिवस त्याच्या मागे लागलो. आज त्याचा निरोप आला, माणसं येऊन घेऊन गेली.

२२ फेब्रुवारी

सहा आठवडे झाले. सोडियमची कुपी २६.१७. काटा तीनदा शून्यावर आणून परत ठेवली, २६.१७. तडकलेली जुनी नळी शेजारी मुद्दाम ठेवलीय, तिचं वजन आता १८.६१ आणि निम्मी कांडी पांढरी.

लाकडी पेटीत पाच खाचे केले होते. चार भरले. पाचव्यात काकांनी केलेली पण फुटलेली तिसरी कुपी ठेवली, रिकामी, तिच्या टोकाचं दीड मिलिमीटरचं भोक शाबूत आहे आणि ते कुणालाही दाखवता येतं.